मुद्देमालातली बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. कोपरगावच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात एक बाजाराचं गाव आहे. तिथल्या पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात मी उभी असते. माझ्या एका अंगाला अपघातातल्या मोटारसायकली आहेत, दुसऱ्या अंगाला वाळूचा पकडलेला ट्रॅक्टर. माझ्या दांडीला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय आणि त्यावर लाल शाईने लिहिलंय, 'मुद्देमाल'. खटल्यात पुरावा म्हणून जी वस्तू ठेवून घेतात, तिला असं म्हणतात. माझ्या गादीत आता चिमण्यांनी काड्या भरल्यात. पण एके काळी मी चार बाळांना झोपवलंय, आणि त्या झोपेचीच ही गोष्ट आहे.

माझं पहिलं घर फार लांब होतं. पृथ्वीच्या गोलावर अगदी वरच्या टोकाला आइसलँड नावाचं बेट आहे, तिथलं. तिथे हिवाळ्यात सूर्य चार तासांसाठी येतो, पाहुण्यासारखा बाहेरूनच विचारपूस करतो आणि जातो. गुद्रुन नावाच्या एका बाईने मला घरी आणलं. तिने स्वतः विणलेलं मेंढीच्या लोकरीचं पांघरूण माझ्यात अंथरलं, बाळाला त्यात गुंडाळलं, आणि सरळ दाराबाहेर बर्फात नेऊन ठेवलं.

दचकलात ना? मीही दचकले होते. पण तिकडची रीतच तशी आहे. बाळाने दुपारची झोप उघड्या हवेत घ्यायची. बंद खोलीतल्या कोंदट हवेपेक्षा गार हवा अंगी लागते, असं तिथल्या आया मानतात आणि त्यांच्या आयाही मानत होत्या. पाळणाघरातसुद्धा दुपारी भिंतीकडेला गाड्यांची रांग लागते. कॉफीच्या दुकानाबाहेर आम्ही पाच-सहा जणी उभ्या असायचो, आत आया गप्पा मारत बसायच्या. एखादं बाळ रडलं तर रस्त्याने जाणारा कोणीही थांबायचा, दार उघडून आत डोकवायचा आणि विचारायचा, "निळ्या गाडीतलं बाळ कुणाचं? उठलंय." की आई हातातली कॉफी ठेवून बाहेर. विषय संपला.

तिथली माणसं साधी. दारात जोडे काढून घरात यायची. आडनाव लावायची नाहीत, अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, एवढीच ओळख. लहान मुलंसुद्धा शिक्षकांना नावानेच हाक मारायची. बाळाचं नाव ठेवायची कोणाला घाई नसे. गुद्रुनची धाकटी तर दीड महिना नुसती 'मुलगी' होती. माझ्यात तिची तीन मुलं वाढली. चाकं झिजली, छत्रीचा निळा रंग उडाला, पण कुणी मला टाकून दिलं नाही. मुलं मोठी झाल्यावर गुद्रुनने मला धुतलं, पुसलं आणि शेजारच्या नव्या बाळंतिणीला दिलं.

ती बाळंतीण म्हणजे मनवा. या आपल्या गावची लेक. नवरा अनिमेष तिकडे नोकरीला होता आणि ती एका पाळणाघरात काम करायची. दुसऱ्यांची बाळं बर्फात झोपवायला ती शिकलीच होती. आपली ईरा झाल्यावर तिलाही तिने माझ्यात घालून बाहेर ठेवलं.

पहिल्याच दिवशी तिच्या आईचा, विजयाताईंचा, मोबाईलवर चेहरा उमटला.

"मनवा, ते पांढरं काय पडतंय?"

"बर्फ गं, आई."

"आणि ईरा कुठाय?"

"बाहेर. झोपलीये."

विजयाताई कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. नुसत्या म्हणाल्या, "अगं, मी इथे देवांनासुद्धा थंडीत शाल पांघरते."

मनवा खूप हसली होती. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

ईरा सात महिन्यांची झाली, तेव्हा तिचं उष्टावण करायला मनवा तिला घेऊन माहेरी आली. अनिमेषला रजा नव्हती. मला मात्र विमानातून आणलं, कारण ईराला घराच्या आत झोपच येत नसे. चार भिंतींत ठेवलं की टक्क जागी. बाहेर नेलं की पाच मिनिटांत गाढ.

माघ महिना होता. कारखाना जोरात चालू होता आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागलेली. विजयाताईंच्या अंगणात औदुंबर आहे. त्याला रोज अकरा प्रदक्षिणा घातल्याशिवाय त्या पाणीही तोंडात घेत नसत. मला त्याच्याच सावलीत उभं केलं होतं, म्हणून त्या आता माझ्याभोवतीही फिरायच्या आणि प्रत्येक फेरीला वाकून ईराच्या गालावरची तीट जागेवर आहे ना, ते बघायच्या. मनवाचे वडील रविकांत सर. निवृत्त मुख्याध्यापक, गावात मोठा मान. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "परदेशी पद्धत आहे. बाळ कणखर होतं."

रस्त्यापलीकडच्या रानात ऊसतोडणीला आलेल्या लोकांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या आणि बांबूच्या, वाकून आत जावं लागेल अशा. तिथली बनुबाई एकदा हंडा घेऊन पाणी मागायला आली. बीडकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. हातावर उसाच्या पानांनी कापलेल्या रेघाच रेघा. मला बघून ती थबकली.

"अगं बया! ही काय गाडी म्हनायची? मोटार का पाळना?"

"दोन्ही," मनवा म्हणाली. "ही झोपते त्यात. तिकडे सगळ्यांचीच बाळं अशी बाहेर झोपतात."

"मोट्या मानसांची सुदीक?"

"सगळी."

बनुबाई तोंडाला पदर लावून हसली. "मग आमी तुमच्या त्या देशातलेच की, ताई! आमचं बी लेकरू बाभळीला झोळी बांदून बाहेरच की वो. रातचं दव पडतंय त्येच्यावर, पन ठणठणीत हाय बगा." मग हळूच विचारलं, "हात लावू का?"

मनवाने मान हलवली. बनुबाईने हात पदराला पुसले, दोनदा पुसले, आणि एका बोटाने ईराची मूठ उघडली. ईराने ते बोट घट्ट धरून ठेवलं. विजयाताईंनी हंडा भरून दिला आणि वर पोरासाठी वाटीभर दूध. असं आठवडाभर चाललं. मनवा बनुबाईला नावाने ओळखत होती, मित्रांनो. हे लक्षात ठेवा.

उष्टावणाच्या दोन दिवस आधी बाजार होता. ईरासाठी खणाचं परकर-पोलकं घ्यायचं म्हणून मनवा मला ढकलत पेठेत गेली. आबासाहेबांच्या कापड दुकानापाशी पोहोचेपर्यंत ईरा झोपली होती. पायऱ्या तीन, आत गर्दी, घामट हवा. मनवाने काय करावं? तिकडच्या तीन वर्षांत जे हाताला वळण पडलं होतं तेच केलं. मला पत्र्याच्या सावलीत भिंतीकडेला लावलं, चाकाची कळ दाबली आणि आत गेली. जाताना माझी छत्री मागे सारली. तिकडे हिवाळ्यात ऊन म्हणजे प्रसाद. जिथे मिळेल तिथे बाळाच्या तोंडावर घ्यायचं. काचेतून लक्ष राहील असं तिला वाटलं असणार, पण काचेच्या आत साड्या टांगल्या होत्या. आतून बाहेरचं काही दिसत नव्हतं.

आणि इथलं ऊन तिथल्यासारखं पाहुणं नसतं. अर्ध्या तासात सावली भिंतीकडे सरकली आणि मी उघडी पडले. माझी लोखंडी दांडी तापली. ईरा लोकरीच्या पांघरुणात होती. आधी कुरकुरली, मग रडली, मग तिचा चेहरा लालबुंद झाला आणि आवाज बसत गेला. माणसं जात होती. एक जण थांबला, माझा फोटो काढला आणि गेला. मला हाक मारता येत नव्हती. मला नुसती चाकं आहेत.

बनुबाई बाजाराला मीठमिरची घ्यायला आली होती. तिने मला लांबूनच ओळखलं. धावत आली. "ताई! ओ ताई!" अशा दोन हाका मारल्या, पण टेम्पोच्या भोंग्यात त्या कुठल्या कुठे गेल्या. मग तिने पांघरूण सोडलं, ईराला उचललं आणि तीन दुकानं पलीकडे लिंबाच्या सावलीत घेऊन गेली. पदर ओला करून तिने ईराचं तोंड पुसलं. रडं थांबेना, तेव्हा आपलं लेकरू घेते तशी छातीशी घेतली आणि तिथेच बसली.

कानिफनाथ नावाच्या टेम्पोवाल्याने मला रिकामी बघितली. मग लिंबाकडे बघितलं. फाटक्या लुगड्यातली बाई आणि तिच्या मांडीवर झुळझुळीत झबल्यातलं गोरं पोर. त्या महिन्यात मोबाईलवर एक निरोप फिरत होता, पोरं पळवणारी टोळी आलीये, बायका आहेत, सावध राहा. तो ओरडला, "आरं, पोर उचाललं! धरा तिला!"

पुढचं मी तुम्हाला फार सांगणार नाही. साठेक माणसं जमली. "म्या न्हाई वो, लेकरू उनात हुतं, वळकीचं हाय, ताईला इचारा," असं ती म्हणत होती. ते कोणाला ऐकायचंच नव्हतं. चपला होत्या, काठ्या होत्या, एकाच्या हातात छत्री होती. बनुबाई ईराला पोटाशी धरून जमिनीवर गोळा झाली. जे पडलं ते तिच्या पाठीवर आणि तोंडावर पडलं. ईराला ओरखडासुद्धा आला नाही.

गलका ऐकून मनवा बाहेर आली. हातात खणाचा तुकडा तसाच. कोणीतरी ईराला ओढून तिच्याकडे दिलं.

"तुमचीच का?"

"हो."

"आन तुमी कुठं हुता?"

गर्दीतून एक बाई म्हणाली, "असली कसली आई, पोर रस्त्यावर टाकून!" साठ तोंडं आता मनवाकडे वळली होती. तिचा चेहरा कागदासारखा झाला.

"मी... आत्ताच, एक मिनिट आत गेले होते."

"हिनंच उचाललं ना?" कानिफनाथने विचारलं. "वळखता का हिला?"

बनुबाईने मान वर केली. तिचा डावा डोळा रक्ताने मिटला होता. उजव्या डोळ्याने ती मनवाकडे बघत होती. त्या नजरेत भीतीसुद्धा नव्हती हो. तिला वाटलं, आता ताई आली, आता सुटले.

मनवा म्हणाली, "नाही."

संध्याकाळी ठाण्यात रविकांत सरांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तक्रार लिहिली, 'एका अनोळखी स्त्रीने', आणि मनवाने खाली सही केली. मला दांडीला पुठ्ठा बांधून अंगणात लावलं. बनुबाईला सरकारी दवाखान्यातून पट्टी बांधून आणलं होतं. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती बसली, शेजारी महिला शिपाई.

फाटकाबाहेर तिचा नवरा रामहरी उभा होता. काखेत त्यांचं दहा महिन्यांचं लेकरू. ते आईला बघून हात पसरून रडत होतं.

"साहेब, अंगावरचं लेकरू हाय. एकडाव पाजू द्या."

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने लेकरू आत आणून दिलं. पण बनुबाईचा उजवा हात वर होत नव्हता आणि तापाने दूध आटलं होतं. लेकरू चोखत राहिलं आणि रडत राहिलं. शेवटी तिनेच त्याला परत दिलं. "न्या," म्हणाली. "इथं त्येला काय बी न्हाई."

"तुझं म्हणणं मला पटतंय गं," हवालदार म्हणाला. "पण लेकराच्या आईनं लिहून दिलंय, ओळखत नाही म्हणून. तिनं जबाब फिरवल्याशिवाय मी काय करू?"

दोन दिवस गेले. उष्टावणाचा मुहूर्त टळला. तिसऱ्या सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी विजयाताई उतरल्या, मागून मनवा; ईराला शेजारी ठेवून आल्या होत्या. सर स्कूटरवर त्यांच्या पाठोपाठच आले आणि माझ्याजवळच त्यांनी विजयाताईंना गाठलं. आवाज दाबून म्हणाले, "घरी चल, विजया. काय शोभा करायचीये? उद्या गाव म्हणेल, नात उन्हात टाकून पोरगी आत साड्या बघत होती."

"म्हणेल ना," विजयाताई म्हणाल्या. "खरंच आहे ते."

"अगं, पण त्या बाईची पुढे सुटका होईलच. कायदा आहे, कोर्ट आहे."

"तीन सांजा झाल्या, मी देवापुढे दिवा लावलेला नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून एक सांज चुकली नव्हती. सासूबाई गेल्या त्या सुतकातसुद्धा शेजारच्या काकूंकडून लावून घेतला. त्या दिवशी मात्र काडी ओढली आणि हात पुढे जाईना. काय म्हणून लावू? कशाचा उजेड पाडू त्या घरात?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मग त्या मनवाकडे वळल्या. "मी तुला काही सांगणार नाही, बाळा. मी इथे या गाडीपाशी उभी राहते. तू आत जाऊन ये, नाहीतर परत फिर."

मनवा माझ्याकडे बघत उभी राहिली. तिने माझ्या दांडीवर हात ठेवला, जिथे रोज ठेवायची तिथेच. मग आत गेली. व्हरांड्याचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "मी तिला ओळखते," ती म्हणाली. "तिचं नाव बनुबाई. रोज आमच्याकडे पाणी न्यायला येते. मी माझ्या मुलीला बाहेर ठेवून अर्धा-पाऊण तास आत होते. सावली गेली ते मला कळलं नाही. तिने उचललं नसतं तर..." आणि तिने नव्या जबाबावर सही केली.

सर स्कूटरवर बसून होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी बनुबाईला सोडलं. तिचा डावा डोळा गेला होता, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. ती अंगणात आली तशी मनवा तिच्या पायाशी वाकली. बनुबाई चटकन दोन पावलं मागे सरली.

"पाया नका पडू, ताई. लोकं बगत्यात. परत म्हनतील म्या काय केलं."

"बनुबाई, मला..."

"पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे."

"मग झालं," बनुबाई म्हणाली आणि रामहरीच्या आधाराने फाटकाबाहेर गेली. तिने मागे वळून बघितलं नाही. विजयाताईंनी नंतर त्यांच्या कोपीवर भाजी-भाकरी नेली होती, पण कोपी मोडून ती माणसं गावाकडे निघून गेली होती. एका हाताने ऊस तोडता येत नाही.

मनवा ईराला घेऊन परत गेली. मला नेता आलं नाही, कारण मारणाऱ्यांवर खटला चालू होता आणि मी पुरावा होते. पुरावा खरा, पण तोंड नसलेला. साठ माणसं होती त्या दिवशी. जबाबाच्या वेळी कोणीच तिथे नव्हतं. कोणी तेव्हा कोपरगावला गेलं होतं, कोणी शिर्डीला दर्शनाला. आबासाहेबांनी तर सांगितलं, मी गल्ल्यावर मान खाली घालून बसलो होतो. कानिफनाथचं एकट्याचं नाव कागदावर आहे आणि तारखा पडत आहेत.

माझ्यावर एक पावसाळा गेला. पुढचा हंगाम आला. एका तारखेला बनुबाईला सही करायला बोलावलं होतं. ती माझ्याशेजारी, ट्रॅक्टरच्या सावलीत येऊन बसली. मला तिने बघितलं की नाही, सांगता येत नाही. डावीकडचं तिला दिसत नाही.

इतक्यात एक तरुण बाई कसल्याशा कागदासाठी आली. तिने पायरीवर पोतं अंथरून सहा-सात महिन्यांचं बाळ ठेवलं आणि लगबगीने आत गेली. थोड्या वेळाने ते उठलं, रडायला लागलं आणि रडता रडता पायरीच्या कडेला सरकू लागलं. अंगणात दोन-तीन माणसं होती, आपापल्या मोबाईलमध्ये. बनुबाईने ऐकलं. तिचं सगळं अंग पुढे झुकलं. डावा हात उठला, बाळाच्या दिशेने हातभर गेला.

मग तिने आजूबाजूला बघितलं. हात मागे घेतला. पदरात गुंडाळला. आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.

बाळ पडलं. फार उंच पायरी नव्हती. आई धावत आली, कपाळाला टेंगूळ आलं होतं, तिने चोळलं आणि "कुणाला उचलता आलं न्हाई का वो?" असं सगळ्यांना म्हणत निघून गेली. बनुबाई भिंतीकडेच बघत होती. तिचा एक डोळा वाहत होता.

मित्रांनो, मी एक गंजलेली गाडी. माझं स्वतःसाठी काही मागणं नाही. पत्रा सडायचा तेव्हा सडेल, तो देवाने ठरवलेला काळ आहे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, बाजारात जाल, गर्दी दिसेल. त्या गर्दीत कोणी हात उगारलेला असेल आणि तुमचाही हात शिवशिवेल. तेव्हा जरा खाली वाका आणि जमिनीवर जी बसली असेल तिला विचारा, "काय झालं, बाई?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. ती सांगत असते. बनुबाई शेवटपर्यंत सांगत होती.